महागड्या तिकिटांचे ‘माइल्स’

दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी सकाळींच घरीं आला. शाळेंत त्रैराशिकाच्या तासाला तो पहिल्या बांकावर बसत असे. आज तो मुंबईंतील एका व्यापारी कंपनींत अधिकारी आहे, आणि वर्षांतून दोन-तीनदां कामानिमित्त त्याला परदेशीं जावें लागतें. त्याच्या हातांत कागदांचें पुडकें होतें. ‘‘गुरुजी,’’ तो म्हणाला, ‘‘चार वर्षें मी बिझनेस क्लासनें हिंडतों आहें. ताई लंडनला असते. आईला तिच्याकडे न्यायचें आहे. पण तिचे गुडघे धरले आहेत, रात्रभर बसून प्रवास तिला सोसणार नाहीं. माझ्या माइल्सवर तिचें बिझनेस क्लासचें तिकीट निघेल, असें मी घरीं सांगून बसलों. काल हिशेब पाहिला, तों चार कंपन्यांच्या चार खात्यांत थोडे थोडे माइल्स, आणि पांचव्या खात्यांतले मुदत संपून गेलेले!’’

ती सकाळ आम्हीं दोघांनीं पाटी-पेन्सिल घेतल्याप्रमाणें कागदावर घालविली. त्या बैठकींत जें उमगलें, तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. ज्या घरांतील मुलगा, सून वा जांवई कामासाठीं विमानानें परदेशीं जातो, अशीं घरें आज आपल्या शहरांतून थोडीं नाहींत; त्यांना या हिशेबाचा उपयोग व्हावा.

प्रथम ‘माइल’ म्हणजे काय तें पाहूं. अमेरिकेंत १८९६ सालीं एका कंपनीनें दुकानदारांस हिरवीं तिकिटें विकण्यास आरंभ केला. दुकानदार खरेदीच्या प्रमाणांत तीं गिऱ्हाइकांस देत, गिऱ्हाइकें तीं वहींत चिकटवीत, आणि वही भरली कीं तिच्या मोबदल्यांत घरगुती वस्तु मिळत. विमानांच्या धंद्यांत हीच युक्ति पुष्कळ उशिरां आली. १९७८ सालीं अमेरिकन सरकारनें विमानभाडीं व मार्ग यांवरील आपलें नियंत्रण काढून घेण्याचा कायदा केला. कंपन्यांत चुरस लागली. आणि जुनें गिऱ्हाईक धरून ठेवण्यासाठीं १९८१ सालच्या १ मे रोजीं अमेरिकन एअरलाइन्सनें ‘अॅडव्हान्टेज’ नांवाची योजना काढली. युनायटेडनें थोड्याच दिवसांत तिचें अनुकरण केलें. जितके मैल प्रवास, तितके माइल्स खात्यांत. आणि ठराविक माइल्स भरले कीं एक प्रवास बक्षीस, असा तो सरळ सौदा होता. पुढें मी ‘मैल’ म्हणेन तेव्हां अंतराचा मैल समजावा, व ‘माइल’ म्हणेन तेव्हां खात्यांतला.

हा सरळपणा आतां राहिलेला नाहीं. माइल मोजण्याच्या आज मुख्यतः दोन रीति आहेत. पहिली अंतराची. मुंबईहून लंडन सुमारें ४,५०० मैल. जाऊन येऊन ९,००० मैल झाले. त्यास तिकिटाच्या प्रकाराप्रमाणें शेंकडा अमुक या प्रमाणांत गुणावयाचें. स्वस्तांतल्या स्वस्त तिकिटास शेंकडा पंचवीस मिळतील किंवा मुळींच मिळणार नाहींत, तर बिझनेस क्लासच्या तिकिटास पुष्कळदां शेंकडा सव्वाशें, दीडशें किंवा त्याहूनहि अधिक मिळतात. शेंकडा दीडशें धरल्यास आपल्या लंडनच्या खेपेचे १३,५०० माइल्स झाले.

दुसरी रीति किंमतीची. डेल्टा व युनायटेड या कंपन्यांनीं २०१५ सालीं मैल मोजणें सोडून डॉलर मोजण्यास प्रारंभ केला. अमेरिकन एअरलाइन्स २०१६ सालीं, एअर फ्रान्स-केएलएम व लुफ्तान्सा २०१८ सालीं, ब्रिटिश एअरवेज २०२३ सालीं आणि आपली एअर इंडिया २०२४ सालीं त्याच वाटेस लागली. २०१५ सालच्या अमेरिकन कोष्टकांत साध्या सभासदास दर डॉलरमागें ५ माइल्स, आणि सर्वांत वरच्या पायरीच्या सभासदास ११, असा दर होता. एका तिकिटामागें ७५,००० माइल्सपेक्षां अधिक द्यावयाचे नाहींत, अशी मर्यादाहि होती. हे दर बदलत असतात. पण उदाहरणापुरते तेच घेऊं.

समजा, लंडनच्या खेपेचें मूळ भाडें ४,००० डॉलर आहे. किंमतीच्या रीतीनें साध्या सभासदास २०,००० माइल्स मिळाले व वरच्या पायरीवरील सभासदास ४४,०००. तेंच तिकीट अंतराच्या रीतीनें नोंदविलें असतें, तर दोघांनाहि १३,५०० च. आतां भाडें उतरून १,८०० डॉलरवर आलें असें समजा. किंमतीच्या रीतीनें साध्या सभासदास ९,००० मिळतात. अंतराच्या रीतीनें मात्र पूर्वींचेच १३,५००. या उदाहरणांत २,७०० डॉलर हा समतोलाचा आंकडा आहे, कारण २,७०० गुणिले ५ म्हणजे १३,५००. त्याच्या वर किंमतीची वही बरी, त्याच्या खालीं अंतराची. म्हणजे, महाग तिकीट किंमतीच्या वहींत लिहावें, व स्वस्तांत मिळालेलें लांबच्या पल्ल्याचें तिकीट अंतराच्या वहींत लिहावें. मात्र दोन निरनिराळ्या वह्यांतील माइल्सचें मोल सारखें नसतें, हें विसरूं नये. एकीकडे ज्या प्रवासास साठ हजार पुरतात त्यासच दुसरीकडे नव्वद हजार लागूं शकतात.

आपण म्हणाल, एका कंपनीच्या विमानांतून गेलों तर माइल्स दुसऱ्या कंपनीच्या वहींत कसे लिहावयाचे? येथेंच या विषयाचें मर्म आहे. जगांतील पुष्कळशा मोठ्या कंपन्यांनीं आपापले संघ केले आहेत : १९९७ सालीं स्टार अलायन्स, १९९९ सालीं वनवर्ल्ड, २००० सालीं स्कायटीम. एअर इंडिया २०१४ सालीं स्टार अलायन्समध्यें गेली. तिच्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजनेस २०२५ सालीं ‘महाराजा क्लब’ हें नांव मिळालें. एका संघांतील कोणत्याहि कंपनीनें प्रवास केला, तरी त्याच संघांतील दुसऱ्या कंपनीच्या खात्यांत माइल्स बहुधा जमा करतां येतात. परंतु एक खेप एकाच वहींत. दोन वह्यांत तीच खेप लिहितां येत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याची चूक येथें झाली. ज्या विमानांत बसला, त्या विमानाच्या कंपनीचा तो सभासद झाला. त्याच्या पांच खात्यांपैकीं तीन एकाच संघांतील कंपन्यांचीं होतीं! तीं तिन्ही मिळून एक खातें असतें, तर थेंबें थेंबें तळें सांचलें असतें. त्यानें तीन डबकीं केलीं.

वही निवडण्यापूर्वीं तिकिटावरील दोन खुणा पाहाव्या लागतात. पहिली खूण म्हणजे एक अक्षर. बिझनेस क्लासची खुर्ची एकच असली, तरी तिचीं भाडीं अनेक असतात, व प्रत्येक भाड्यास रोमन लिपींतील एक अक्षर दिलेलें असतें. पूर्ण भाड्याच्या तिकिटास बहुधा ‘जे’ हें अक्षर असतें. ‘सी’, ‘डी’ त्याच्या जवळपास. ‘झेड’ व ‘पी’ हीं बऱ्याच कंपन्यांत सवलतीच्या भाड्यांचीं. अंतराच्या रीतींत शेंकडा किती मिळणार तें या अक्षरावर ठरतें. शेजारीं-शेजारीं निजून गेलेल्या दोन प्रवाशांपैकीं एकास दुसऱ्याच्या दीडपट माइल्स मिळाले, तर त्याचें कारण या अक्षरांत शोधावें.

दुसरी खूण तिकिटाच्या क्रमांकांतील पहिल्या तीन आंकड्यांची. त्यांवरून तिकीट कोणत्या कंपनीनें काढून दिलें तें कळतें : एअर इंडियाचें ०९८, युनायटेडचें ०१६, लुफ्तान्साचें २२०. विमान एकाचें, त्यावर क्रमांक दुसऱ्याचा, व तिकीट तिसऱ्याचें, असा प्रकार आंतरराष्ट्रीय प्रवासांत नेहमींचा आहे. उदाहरणार्थ, युनायटेडच्या योजनेंत तिकीट ०१६ नें सुरू होत असेल तर माइल्स किंमतीवर मिळतात. तोच प्रवास संघांतील दुसऱ्या कंपनीच्या विमानानें व तिच्याच तिकिटावर केला, तर सामान्यतः अंतर व अक्षर यांवर मिळतात. म्हणून तिकीट कोणाकडून काढावें, हा प्रश्नहि हिशेबांतलाच आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना. किंमतीच्या रीतींत सगळी रक्कम मोजली जात नाहीं. मूळ भाडें व कंपनीनें स्वतः लावलेला अधिभार मोजतात. सरकारी कर मोजीत नाहींत. आपल्याकडे बिझनेस क्लासच्या तिकिटावरील जीएसटी २०२५ सालच्या २२ सप्टेंबरपासून शेंकडा १८ झाला आहे. त्या अठरा रुपयांवर माइल मिळत नाहीं. उलट माइल्स मोडून काढलेलें ‘फुकट’ तिकीटहि करांपासून सुटत नाहीं. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशास तेथील सरकारचा प्रवासी-कर द्यावा लागतो, आणि तो बिझनेस क्लासला मागच्या वर्गापेक्षां अधिक असतो. फुकट या शब्दाभोंवतीं अवतरणचिन्हें घालण्याची संवय या प्रकरणीं चांगली.

आतां माइलचें मोल कसें काढावें? पुस्तकी रीत अशी : रोखीनें काढल्यास तिकीट २,५०,००० रुपयांस पडतें, माइल्सवर काढल्यास १,००,००० माइल्स व करांचे ३०,००० रुपये लागतात. म्हणजे एक लाख माइल्सनीं २,२०,००० रुपये वांचविले. दर माइलमागें दोन रुपये वीस पैसे. असे हिशेब आपण ऐकतों व हुरळून जातों. परंतु मीं माझ्या विद्यार्थ्यास विचारलें, ‘‘माइल्स नसते, तर आईसाठीं अडीच लाख रुपये तूं रोख मोजले असतेस काय?’’ तो म्हणाला, ‘‘नाहीं. सत्तर हजारांचें साधें तिकीट काढलें असतें.’’ मग खरी बचत सत्तर हजारांतून करांचे तीस हजार वजा जातां चाळीस हजारांची. दर माइलमागें चाळीस पैसे. रात्रभर आडवें होण्याचें सुख वेगळें, आणि आईच्या गुडघ्यांसाठीं तें अमोल असेल. पण त्यास पैशाची बचत म्हणूं नये. सुख मिळालें असें म्हणावें.

याच कसोटीवर दुसराहि एक मोह तपासावा. दोन लाखांच्या सवलतीच्या तिकिटाऐवजीं दोन लाख साठ हजारांचें पूर्ण भाड्याचें तिकीट काढलें असतां समजा ९,००० माइल्स जास्त मिळतात. साठ हजारांस नऊ हजार, म्हणजे एक माइल सहा रुपये सदुसष्ट पैशांस पडला. ज्याचें मोल फार तर दोन रुपये, तें सहा रुपयांस घेणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. तारीख बदलण्याची किंवा तिकीट परत करून पैसे घेण्याची गरज खरोखर संभवत असेल, तर महाग तिकीट अवश्य घ्यावें. त्या सोयीबरोबर येतील ते माइल्स जोडीला मिळालेले समजावे. सभासदत्वाच्या वरच्या पायऱ्यांचेंहि तसेंच. डेल्टानें २०२४ पासून व ब्रिटिश एअरवेजनें २०२५ सालच्या १ एप्रिलपासून पायरी ठरवितांना मुख्यतः खर्चाकडे पाहण्याचें ठरविलें आहे. वर्षअखेरीस पायरी टिकविण्यासाठीं नको असलेला प्रवास करणारे गृहस्थ आहेत. विश्रांतिगृहांतील चहा-फराळ त्यांना फार महाग पडतो.

माइल्स सांठवून ठेवण्यासारखी वस्तु नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स तीन वर्षांनीं व लुफ्तान्साचे सामान्यतः छत्तीस महिन्यांनीं संपतात. डेल्टाच्या व २०१९ पासून युनायटेडच्या माइल्सना मुदत नाहीं. पण मुदत नसली तरी भाव स्थिर आहे असें नव्हे. आज जें ऐंशीं हजारांत मिळतें, तें उद्यां लाखावर नेण्याचा अधिकार कंपनीनें स्वतःकडे ठेवलेला असतो, व माइल्स ही सभासदाची मालमत्ता नव्हे असें बहुतेक नियमावल्यांत स्पष्ट लिहिलेलें असतें. २०१४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें एका प्रवाशाची फिर्याद आली होती. वरचेवर तक्रारी करतो म्हणून कंपनीनें त्यास योजनेंतून काढून टाकलें होतें. कंपनीनें सद्भावानें वागावयास पाहिजे होतें, या त्याच्या म्हणण्याला न्यायालयानें विमानभाड्यांच्या त्या १९७८ सालच्या कायद्याचा अडथळा दाखविला व निकाल कंपनीच्या बाजूनें दिला. आपल्याकडे किंगफिशर २०१२ सालीं व जेट एअरवेज २०१९ सालीं उडावयाची थांबली. जेटची माइल्सची योजना निराळ्या कंपनीकडे असल्यानें ती नांव बदलून पुढें चालली, हा सभासदांच्या नशिबाचा भाग. म्हणून माइल्स मिळवावे, जमले कीं खर्चावे, आणि नातवंडांसाठीं दुसरें कांहीं ठेवावें.

श्रोतेहो, येथपर्यंतचा भाग गणिताचा झाला. आम्ही चहाला उठलों, तेव्हां माझ्या विद्यार्थ्यानें मजकडे न पाहतां विचारलें, ‘‘गुरुजी, हे माइल्स माझे कीं कंपनीचे?’’

हा प्रश्न त्याला सुचला, याचा मला आनंद झाला. बिझनेस क्लासचीं पुष्कळशीं तिकिटें प्रवाशाच्या खिशांतून निघत नाहींत. पैसे मालकाचे असतात व माइल्स मात्र प्रवाशाच्या नांवें पडतात. या योजनांची खरी मेख हीच आहे. तिकीट निवडतो एक, पैसे देतो दुसरा, आणि बक्षीस निवडणाऱ्यास! दहा हजार रुपयांनीं स्वस्त असलेलें विमान सोडून आपल्या वहीच्या कंपनीनें जो जातो, तो हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवीत असतो. जर्मनींत २००२ सालीं याच कारणावरून मोठा गहजब झाला. सरकारी कामाच्या प्रवासांत मिळालेले माइल्स खाजगी प्रवासास वापरल्याबद्दल बर्लिन राज्याच्या अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ग्रेगोर गीझी यांनीं त्या सालच्या ३१ जुलै रोजीं राजीनामा दिला. उलट अमेरिकेंत २००१ सालच्या डिसेंबरांत झालेल्या कायद्यानें सरकारी नोकरांना असे माइल्स स्वतःसाठीं ठेवण्याची मोकळीक मिळाली. भारत सरकारचा आपल्या नोकरांसाठीं नियम असा, कीं सरकारी प्रवासाचे माइल्स सरकारी प्रवासासाठींच वापरावे. म्हणजे एकाच वस्तूस एका देशांत दोष मानला, दुसऱ्यांत हक्क मानला, तिसऱ्यांत सरकारजमा केली. खाजगी नोकरींत काय? तेथें मालकाचा नियम. आणि नियम ठाऊक नसेल, तर विचारणें.

मीं त्याला एवढेंच सांगितलें, ‘‘विचारावयास संकोच वाटत असेल, तर उत्तर तुला ठाऊक आहे.’’

त्यानें कचेरीस लेखी विचारलें. आठ दिवसांनीं उत्तर आलें : कामाच्या प्रवासाचे माइल्स कामाच्याच तिकिटांसाठीं वापरावे. थोडा खट्टू होऊन तो मला भेटला. मग आम्हीं पुडकें पुन्हां उघडलें. त्यांत त्यानें स्वतःच्या पैशानें केलेल्या दोन खेपा निघाल्या. एक खात्यांत जमा होती; दुसरी नोंदवावयाचीच राहिली होती. सुदैवानें तिचा बोर्डिंग पास त्याच्या बायकोनें जपून ठेवला होता, व मागाहून नोंदविण्याची मुदत उलटून गेली नव्हती. दोन्ही खेपा एका वहींत आल्या. त्यांतून जाण्या-येण्याचें बिझनेस क्लासचें तिकीट निघण्यासारखें नव्हतें. पण साधें तिकीट काढून एका बाजूस वरचा वर्ग मिळविण्याइतके माइल्स भरले. ज्या तिकिटास अशी बढती मिळूं शकते त्याचें भाडें थोडें अधिक होतें. तें त्यानें स्वतः दिलें. त्याच्या मातोश्री रात्रीच्या विमानानें जातांना पाय पसरून निजून गेल्या, आणि येतांना दिवसाच्या विमानांतून वाटेकडेच्या खुर्चींत, तासातासानें उठून चार पावलें टाकीत आल्या. विमानतळावर दोन्ही वेळां चाकांची खुर्ची मिळाली. तिला माइल्स लागत नाहींत.

तेव्हां, लांबच्या महागड्या प्रवासास निघणाऱ्यानें घर सोडण्यापूर्वीं पांच प्रश्न विचारावे. तिकीट कोणी काढून दिलें? अक्षर कोणतें? माझ्या एकाच वहींत तें कोणत्या रीतीनें अधिक भरेल? त्या वहीची मुदत किती? आणि पैसे कोणाचे? पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें कंपन्यांच्या कोष्टकांत सांपडतात, व तीं दरवर्षीं बदलतात. पांचव्याचें उत्तर कोणत्याहि कोष्टकांत नाहीं. तें ज्याचें त्यानें द्यावयाचें असतें, आणि तें आधीं दिलें म्हणजे उरलेल्या चारांचा हिशेब सोपा होतो.